आमचें घरगुती शस्त्रागार

गेल्या मार्गशीर्षांतील गोष्ट. सकाळची स्नानसंध्या आटोपून आम्ही गॅलरींत वर्तमानपत्र चाळीत बसलों होतों. तोंच आमचा नातू, वय वर्षें पंधरा, इयत्ता दहावी, हळूच जवळ येऊन म्हणाला, “आजोबा, आज संध्याकाळीं वेळ आहे का? आपण दोघे मिळून होमब्रू करूं.”

स्वयंपाकघरांत भाकरी थापीत असलेल्या सूनबाईंचा हात तेथेंच थांबला. ‘होमब्रू’ म्हणजे घरीं गाळलेली दारू, हा अर्थ त्यांस ठाऊक. ज्या घरांत कांद्याची भजी देखील चातुर्मासांत दबकत येते, त्या घरांत आजोबा-नातवानें मिळून भट्टी लावावी! त्या बाहेर येऊन म्हणाल्या, “बाबा, हें काय नवीन?” नातू पोट धरधरून हंसूं लागला. त्या हंसण्याचा आवाज घरांत सहा महिन्यांनीं ऐकूं आला, म्हणून अर्थ न विचारतांच आम्हीं होकार देऊन टाकला.

वाचकांसही हा शब्द नवा असेल. नातू ज्या खेळाचा नादी आहे त्याचीं छापील नियमपुस्तकें असतात. त्या पुस्तकांत नसलेलें एखादें शस्त्र, एखादा मंत्र किंवा एखादें व्रत खेळणारांनीं स्वतः रचून नियमांत बसविलें, कीं त्यास होमब्रू म्हणतात. बाजारचें मेतकूट आणि घरचें मेतकूट यांत जो भेद, तोच येथें.

खेळाचें नांव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेंतील लेक जिनीव्हा गांवचे गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटा प्रांतांतील डेव्ह आर्नेसन या दोघांनीं तो रचिला व १९७४ सालीं प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ति अवघी एक हजार प्रतींची. एका पेटींत तीन लहान पुस्तिका. त्यांतील शेवटच्या पुस्तिकेच्या अखेरीस कर्त्यांनीं वाचकांस सांगितलें कीं, पुढचें तुमचें तुम्हीच कल्पून घ्या. म्हणजे घरीं रचण्याची परवानगी या खेळांत जन्मापासूनच आहे.

यास पट लागतोच असें नाहीं. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो. पात्रें आपण काय करणार तें बोलून दाखवितात. यश अनिश्चित असेल तेथें वीस अंगांचा फांसा टाकावयाचा. कीर्तनांत आख्यान लागलें आहे आणि श्रोत्यांना मध्येंच उठून कथा वळविण्याची मुभा आहे, अशी कल्पना करावी म्हणजे झालें. फांसे चार, सहा, आठ, दहा, बारा व वीस अंगांचे. दहा अंगांचा सोडला तर उरलेले पांच म्हणजे भूमितींतील पांच सुसम घन. वर्गांत पुठ्ठ्याचे घन चिकटवून दाखविण्यांत आमचीं वर्षें गेलीं. येथें पोरें ते खिशांत घालून हिंडतात. शिवाय फांसा आपल्यास परका थोडाच आहे? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत जुगाऱ्याचें सूक्त आहे; तेथले अक्ष म्हणजे बेहड्याचीं फळें. कृत, त्रेता, द्वापर, कलि हीं दानांचीं नांवें. तींच पुढें युगांस मिळालीं. मुलांच्या या खेळांत पण मात्र कशाचाच लावीत नाहींत.

इतकें कौतुक आतां करतों आहों. परंतु हा खेळ आमच्या घरांत मोठ्या कडवटपणानें वावरला, हें सांगितल्यावांचून पुढची हकीकत समजणार नाहीं.

खराडीस आम्ही राहावयास आलों त्यास चौदा वर्षें झालीं. १९९७ सालीं महापालिकेंत येईपर्यंत हें मुळामुठेच्या कांठचें शेतकऱ्यांचें गांव होतें. आतां गॅलरींतून पाहिलें तर कांचेच्या कचेऱ्यांखेरीज दुसरें दिसत नाहीं. दोघे चिरंजीव तेथल्याच कचेऱ्यांत कामास. पेठेंतलें भाड्याचें बिऱ्हाड मोडून शेजारशेजारच्या दोन सदनिका घेतल्या. मधली भिंत पाडतां येईना म्हणून दारें उघडीं ठेविलीं आणि चूल एकच मांडली. थोरले बंधू अण्णाही आमच्यांतच असतात.

गेल्या ज्येष्ठांत एका शनिवारीं संध्याकाळीं आमच्या कुटुंबाच्या छातींत कळ आली. नातू तेव्हां चौथ्या मजल्यावर मित्राच्या घरीं खेळत होता. खेळतांना सर्वांनीं फोन बंद करून एका टोपलींत ठेवावयाचे, असा त्यांचा दंडक. गडबडींत त्याला हांक मारावयास जाण्याचें कोणास सुचलें नाहीं. तो आपणहून परत आला तेव्हां सर्व संपलें होतें. तेराव्याच्या दिवशीं चार पाहुण्यांदेखत आम्ही त्याला म्हणालों, “आजी गेली तेव्हां तूं राक्षस मारीत होतास.”

त्यानें उत्तर दिलें नाहीं. रात्रीं आपलीं पुस्तकें व फांसे माळ्यावर टाकले आणि आमच्याशीं कामापुरतें बोलूं लागला. चाळीस वर्षें ज्यानें दुसऱ्यांच्या मुलांस कसें बोलावें तें शिकविलें, त्याच्या तोंडून तें वाक्य गेलें. सुटलेलें वाक्य परत घेण्याचा मंत्र आम्हांस येत नव्हता. मग दिवाळीनंतर मित्रांनीं त्याला गळ घातली कीं, आतां तूं सूत्रधार हो. त्यानें पुस्तकें खालीं काढलीं, आणि त्या सकाळीं तो आमच्याकडे आला.

संध्याकाळीं त्यानें वही उघडली. त्याची कथा सह्याद्रींत घडावयाची होती. परंतु छापील पुस्तकांत युरोपांतल्या तरवारी, कुऱ्हाडी व भाले. दांडपट्टा नाहीं, विटा नाहीं, वाघनख नाहीं. तीं शस्त्रें त्यास घरीं घडवावयाचीं होतीं. पहिलाच दांडपट्टा. त्याच्या कच्च्या नियमाप्रमाणें बारा अंगांचे दोन फांसे टाकून येईल तितकी दुखापत, आणि ती सभोंवतालच्या सर्व शत्रूंस एकाच वेळीं! पुस्तकांतली साधी लांब तरवार एका हातानें चालविली तर आठ अंगांच्या एकाच फांशाची. आम्हीं विचारलें, “असें असेल तर दुसरें शस्त्र घेईल कोण?” तो म्हणाला, “मित्रही तेंच म्हणतात. पण पट्टा म्हणजे पट्टा, आजोबा!”

वाद घरीं मिटेना, म्हणून रविवारीं नगर रस्त्याच्या गर्दींतून बसनें शुक्रवार पेठेंतल्या केळकर संग्रहालयांत गेलों. ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता करणारे दिनकर गंगाधर केळकर यांनीं जन्मभर गांवोगांव हिंडून दिवे, अडकित्ते, वाद्यें, दरवाजे, शस्त्रें जमविलीं, तें हें संग्रहालय. नातवानें दारावरचें नांव वाचून विचारलें, “राजा दिनकर केळकर म्हणजे कोण?” आम्हीं सांगितलें, “राजा हा त्यांचा मुलगा. लहानपणींच गेला. त्याच्या नांवानें हें सारें आहे.” तो थोडा वेळ त्या पाटीकडे पाहत उभा राहिला, मग आंत गेलों.

जुनीं शस्त्रें जवळून पाहिलीं कीं एक गोष्ट तेव्हांच ध्यानांत येते: प्रत्येक शस्त्राचा गुण आणि त्याची अडचण एकाच घडणींतून निघतात. पट्ट्याची मूठ म्हणजे कोपराखालपर्यंत हात झांकणारा लोखंडी खोळा. आंतल्या आडव्या दांडीला धरावयाचें. हात सुरक्षित राहतो, पण मनगट बांधलें जातें. फेंक खांद्याची व कोपराची. पातें लांब आणि लवचीक, म्हणून गर्दी दूर ठेवण्यास उत्तम. पण शत्रु आंत शिरून अंगाशीं आला तर तेंच लांब पातें निरुपयोगी, आणि आपला माणूस शेजारीं उभा असेल तर त्यालाच धोका. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला, तो त्याच्या पराक्रमासाठीं. तथापि पराक्रमाच्या जोडीला ही अडचणही खरी.

परत येतांना बसमध्येंच नियम ठरला. दुखापत आठ अंगांच्या एका फांशाची. दहा फुटांपर्यंत पोंच. त्या हातांत दुसरें कांहीं धरतां येणार नाहीं. पट्टा चढविण्यास वा उतरविण्यास एक पाळी खर्ची पडेल. शत्रु अगदीं लगटून असेल तर वीस अंगांचे दोन फांसे टाकून कमी पडेल तें दान धरावयाचें. आणि फांशावर एक पडला व लगत मित्र असला, तर घाव मित्रास. नातू म्हणाला, “आतां पट्टा घेणारा आधीं मित्रांना ‘लांब व्हा’ म्हणून ओरडेल!” आम्ही म्हणालों, “खऱ्या आखाड्यांतही तसेंच ओरडतात.”

विट्याच्या वेळीं आमचें संस्कृत उपयोगीं पडलें. अग्निपुराणांत धनुर्वेद सांगतांना युद्धाचे पांच प्रकार केले आहेत: यंत्रानें सोडावयाचें, हातानें फेंकावयाचें, सोडून पुन्हां धरावयाचें, हातांतून न सोडावयाचें, आणि नुसतें बाहुयुद्ध. छापील नियमांतही फेंकण्याचीं व धरण्याचीं शस्त्रें निरनिराळीं आहेत, परंतु ‘सोडून पुन्हां धरण्याचें’ असा वर्ग नाहीं. मराठ्यांचा विटा म्हणजे शेवटास दोरी बांधलेला भाला. फेंकला तरी दोरीनें परत ओढतां येतो. आम्हीं नियम केला कीं, फेंकल्यावर पुढच्या पाळीस तो परत हातीं येईल. मात्र शत्रूनें दोरी धरली तर दोघांच्या बळाची ओढाताण, आणि हरेल तो पुढें खेंचला जाईल. वाघनखास सर्वांत लहान, चार अंगांचा फांसा. कारण तें मुठींत लपतें हाच त्याचा गुण, आणि आलिंगनाएवढ्या अंतरावांचून तें चालत नाहीं ही त्याची मर्यादा. १६५९ सालच्या प्रतापगडच्या भेटीची कथा त्या मर्यादेवरच उभी आहे. लंडनच्या संग्रहालयांतील वाघनखें २०२४ सालीं कांहीं वर्षांकरितां साताऱ्यास दर्शनार्थ आलीं, हें नातवानेंच आम्हांस सांगितलें.

एके रात्रीं त्यानें विचारलें, “आजोबा, प्रत्येक गोष्टीला तुम्ही खोट कां लावतां?” आम्हीं त्यास कर्णाची वासवी शक्ति सांगितली. अमोघ, पण एकदांच वापरतां येणारी. अर्जुनासाठीं राखून ठेविली आणि घटोत्कचावर खर्ची पडली. मग अश्वत्थाम्याचें अस्त्र सांगितलें. तें सोडतां येत होतें, आवरतां येत नव्हतें. अर्जुनास दोन्ही येत होतें, म्हणून ऋषींच्या शब्दाखातर त्यानें आपलें आवरलें. अश्वत्थाम्याचें मात्र उत्तरेच्या गर्भावर गेलें. व्यासांच्या भारतांतील एकेक अस्त्र आठवून पाहावें. त्याला अट आहे, शाप आहे किंवा मोजमाप आहे. ती अट काढून टाकली तर कथाच उरत नाहीं. तो वहींत लिहीत होता. आम्ही बोलतां बोलतां मध्येंच थांबलों, कारण आपण हें कोणाला सांगत आहों, तें आम्हांस अकस्मात् उमगलें. सोडतां येतें आणि आवरतां येत नाहीं, असें अस्त्र आम्हींही तेराव्याच्या दिवशीं सोडलें होतें.

शस्त्रांनंतर पुरोहिताकडे वळलों. इंग्रजींत त्या पात्रास ‘क्लेरिक’ म्हणतात. तो देवतेच्या कृपेनें जखमा बऱ्या करतो आणि प्रसंगीं लढतोही. त्याची उत्पत्ति मौजेची आहे. खेळ छापला जाण्यापूर्वी आर्नेसनच्या मंडळींत एका खेळाडूचें पात्र रक्त पिणारें पिशाच्च बनून सर्वांस डोईजड झालें. त्याला आवर घालण्यासाठीं हा पुरोहित काढला. म्हणजे तो देखील घरगुती तोडगाच! जुन्या आवृत्त्यांत त्यास धारेचें शस्त्र वर्ज्य असे. गदा किंवा सोटा तेवढा चाले. १०६६ सालच्या हेस्टिंग्जच्या लढाईचें जें प्रसिद्ध भरतकाम आहे त्यांत ओडो नांवाचा बिशप सोटा उगारलेला दिसतो. धर्मगुरूनें रक्त सांडूं नये म्हणून तो सोटा, अशी समजूत त्यावरून पसरली. इतिहासकार ती फारशी मानीत नाहींत. अण्णा हें ऐकून म्हणाले, “पुरोहिताला धार नको म्हणणारांची परशुरामाशीं गांठ पडलेली दिसत नाहीं.”

मात्र याच अण्णांनीं पुढें मोठी हरकत घेतली. १९८० सालीं निघालेल्या या खेळाच्या एका पुस्तकांत ग्रीक व मिसरी देवांच्या पंक्तीस आपले इंद्र, अग्नि, विष्णु, काली यांसही बसविलें आहे, आणि प्रत्येकापुढें त्याचे प्राणांक लिहिले आहेत. म्हणजे इतके घाव बसले कीं देव मेला. अण्णा संतापले. आमचें मत थोडें निराळें. कोंकणांतल्या दशावतारांत गणपति रंगभूमीवर येतो, संकासुर येतो. देवास खेळांत आणण्यानें देव बाटत नाहीं. परंतु ज्याला आजी रोज फूल वाहत असे त्याचे प्राणांक मांडावयाचे, हें आम्हांसही रुचेना. नातवास तर मुळींच रुचलें नाहीं. तेव्हां पुरोहित कोणा देवाचा नसावा, व्रताचा असावा, असें तिघांनीं ठरविलें.

व्रतें बृहदारण्यकांत मिळालीं. प्रजापतीनें देव, मानव व असुर या तिघांसही ‘द’ हें एकच अक्षर सांगितलें. देव समजले दम, मानव समजले दान, असुर समजले दया. पुस्तकांत पुरोहितास एक ‘डोमेन’ निवडावें लागतें. आम्हीं हीं तीन दिलीं. दमव्रती पुरोहितास दिवसांतून एकदां आपल्या पक्षाचा सुटलेला घाव परत घेतां येतो. दानव्रती आपले प्राणांक दुसऱ्यास देऊं शकतो. पण स्वतःपाशीं निदान एक ठेवलाच पाहिजे, कारण सर्व देऊन टाकणारा पुढें कोणाच्या उपयोगीं पडत नाहीं. दयाव्रती पडलेल्या शत्रूसही उठवितो. उठलेल्या शत्रूला त्या दिवशीं शस्त्र धरतां येत नाहीं. अण्णा खूष झाले आणि दानव्रताचा नियम त्यांनीं स्वतःच्या अक्षरांत वहींत उतरविला.

वहीचें शेवटचें पान मात्र नातवानें आम्हांस दाखविलें नव्हतें. तो शिकवणीस गेला असतां दयाव्रताचा मजकूर तपासण्यासाठीं आम्हीं वही उघडली, तेव्हां तें दिसलें. छापील नियमाप्रमाणें मेलेल्यास उठविण्याचा एक मंत्र आहे. मृत्यूनंतर एका मिनिटाच्या आंत म्हटला पाहिजे, तीनशें मोहरांचे हिरे खर्ची पडतात, आणि वार्धक्यानें गेलेल्यास तो लागू नाहीं. नातवानें आपल्या पुरोहितासाठीं तो मंत्र उतरून घेतला होता. हिऱ्यांची अट तशीच होती. एका मिनिटाची अट खोडून तेथें लिहिलें होतें: ‘पुरोहित कितीही उशिरां आला तरी चालेल.’

आम्हीं वही मिटली. डोळ्यांवरचा चष्मा काढून बराच वेळ पुसत बसलों.

रात्रीं जेवणें झाल्यावर त्याला गॅलरींत बोलाविलें. म्हटलें, “तुझ्या वहीचें शेवटचें पान मीं न विचारतां पाहिलें, तें चुकलें. पण त्याहून मोठी चूक मीं तेराव्याच्या दिवशीं केली. तूं खालीं असतास तरी कांहीं झालें नसतें. मी तिच्या उशाशीं होतों. माझ्या हातून तरी काय झालें? त्या रागाला जागा सांपडेना, म्हणून तो तुझ्यावर टाकला.”

तो कठड्याला टेकून खालीं रस्त्यावरच्या दिव्यांकडे पाहत होता. थोड्या वेळानें म्हणाला, “हांक मारली असती तर आलों असतों, आजोबा.” आम्ही म्हणालों, “ठाऊक आहे.” मग दोघांसही कांहीं वेळ बोलतां आलें नाहीं.

पुढें त्यानेंच विषय काढला. “मित्र म्हणतात, हा नियम ठेवला तर खेळांत कशाचीच भीति राहणार नाहीं. पण तो नुसता काढून टाकवत नाहीं.” तेव्हां आम्हीं त्यास कचाची गोष्ट सांगितली. खाडिलकरांचें ‘विद्याहरण’ १९१३ सालचें. आमच्या घरांत त्यांतलीं पदें म्हटलीं जात, पण नातवास कथा ठाऊक नव्हती. संजीवनी विद्या शिकण्यास बृहस्पतीचा मुलगा कच शुक्राचार्यांकडे राहिला. असुरांनीं त्याला जाळून ती राख मद्यांत मिसळून गुरूलाच पाजली. “म्हणजे होमब्रू!” नातू म्हणाला, आणि त्या स्थितींतही आम्हांस हंसूं आलें. गुरूनें पोटांतल्या कचास विद्या शिकविली. कच बाहेर आला आणि मृत गुरूस त्यानें उठविलें. पुढें देवयानीनें शाप दिला कीं, ही विद्या तुला फळणार नाहीं. कच म्हणाला, मला न फळो. मी जिला शिकवीन त्याला फळेल.

आम्ही मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं. संस्कृत शिकलों तें एका शास्त्रीबुवांच्या ओटीवर बसून. आमच्या हाताखालून गेलेले कितीतरी जण आम्ही कधीं न पाहिलेल्या विद्या शिकून आले. ही गोष्ट जन्मभर शिकविली, पण तो शाप शिक्षकाच्या धंद्याचें साधें वर्णन आहे, हें त्या रात्रीं प्रथमच जाणवलें.

नातवानें वही आणली. आपली ओळ खोडून एका मिनिटाची अट परत घातली. खालीं चौथें व्रत लिहिलें: कचव्रत. या पुरोहितास संजीवनी मंत्र स्वतः वापरतां येत नाहीं. दर पायरीस तो एका सोबत्यास तो शिकवूं शकतो, आणि त्या सोबत्यास तो एकदांच फळतो. तोही वेळेवर म्हटला तर. आम्हीं विचारलें, “हें पात्र घेईल कोण? स्वतःला उपयोग नाहीं.” तो म्हणाला, “तुम्ही घ्या.”

पौषांतल्या एका शनिवारीं आमच्या बैठकीच्या खोलींत पांच मुलें, अण्णा आणि आम्ही असे सात जण बसलों. सूनबाईंनीं चिवडा दिला. नातवानें सूत्रधार म्हणून घरचे नियम मोठ्यानें वाचले. दांडपट्टा, विटा, वाघनख, चार व्रतें. फोनची टोपली कोठें दिसेना. ती कोठें गेली असें एका मुलानें विचारलें, तेव्हां त्यानें वहीचें पहिलें पान उलटून दाखविलें. सर्व नियमांच्या वर त्यानें लिहिलें होतें: ‘फोन बंद करावयाचा नाहीं. कोणाच्याही घरून हांक आली कीं खेळ तेथेंच थांबेल.’